राजपुत्राच्या मागची माणसं

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पडदा उलगडला. आधी शिंका आल्या, मग मी दोन पावलं मागे सरकले.

टेकचंदकाकांचं धानाचं गोदाम. नवं धान अजून यायचंय, म्हणून रिकामं. काका म्हणजे आमच्या गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष, माइक तपासणारे, सतरंज्या मोजणारे — सगळं तेच. पोरांनी बांबूला गुंडाळलेला पडदा भिंतीच्या हुकांना टांगला आणि समोर ते जुनं इंग्लंडचं कोर्ट उभं राहिलं. उंच चौथऱ्यावर लाल झग्यातला न्यायाधीश. त्याच्यासमोर मान खाली घातलेला इंग्लंडचा राजपुत्र, तलवार पायाशी. मागे दरबारी लोकांची दाटी.

कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात हे चित्र होतं म्हणे. माझे आजोबा गोमाजी तिथे भिंतींना चुना मारायला गेले आणि चित्र डोक्यात घेऊन परतले. साहेबाच्या खानसाम्याने सांगितलेली गोष्टही आणली — राजाचा पोरगा भर कोर्टात न्यायाधीशावर हात टाकतो, न्यायाधीश त्याला तुरुंगात धाडतो, आणि तो मुकाट्याने जातो. आजोबांनी हा पडदा रंगवला आणि त्यावर दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, रचली. तेव्हापासून दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या मेळ्याला, आमच्या गावात इंग्लंडचं कोर्ट भरतं. तेही दिवसाढवळ्या. रात्री कोर्ट असते काय कुठी, असा आजोबांचा सवाल. इंग्लंडचे शिपाई झाडीबोलीत भांडतात, राणी नऊवारीत रडते, आणि सिहोऱ्यापासून माणसं बघायला येतात.

आजोबांमागून पडदा बाबांकडे आला, न्यायाधीशाचं कामही. आता बाबा अंगणात खुर्चीवर. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सहा वर्षं खेळ बंद. यंदा काकांनी घाट घातला आणि मला नागपूरला फोन — "तू चित्रकलेची म्याडम आहेस ना? मंग बापाचा परदा पोरीनं नाही तं कोनं दुरुस्त कराचा?"

गेली दिवाळीची सुट्टी. असो.

मागे कशाने सरकले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या हसू येईल. त्या दरबाऱ्यांमुळे. त्यांनी न्यायाधीशाकडे बघायला हवं, निदान राजपुत्राकडे. एकही तिकडे बघत नाही. सगळे आपल्याकडे बघतात.

१८ ऑक्टोबर

हसू आलं नाही.

दिवसभर काम. मांजरपाट जागोजागी विरलाय, उंदरांनी न्यायाधीशाचा एक जोडा खाल्लाय. शिवलं, खळ लावली, वाळवलं. गेरू, नीळ, खडूची भुकटी, काजळ — सगळं बाबांच्या जुन्या डब्यांतलं. डिंक तेवढा नवा. बाहेरून ऊन, दारातून धानाचा वास, मोबाइलवर गाणी. भिण्यासारखं काही नाही.

पण जवळून बघायला लागले आणि लक्षात आलं, ही इंग्लंडची माणसं नाहीत. झगे इंग्लंडचे, पिसांच्या टोप्या इंग्लंडच्या. नाकं, मिशा, गालफडं आमची. एकाच्या कानावर बिडी! आणि प्रत्येकाच्या अंगावर एकेक खरी वस्तू टाचलेली. कुणाला सदऱ्याचं बटण, कुणाच्या गळ्यात काळा दोरा, एकाच्या छातीवर चष्म्याची तुटकी काडी. आधी वाटलं, सजावट.

काका चहा घेऊन आले. त्यांना विचारलं.

"तुले माहीत नाही? बाप्पा! ज्यानं ज्यानं राजपुत्राचं काम केलं, तो मेला का परद्यावर येते. हा बिडीवाला माहा मोठा भाऊ होय. त्याची सोताची एक वस्तू लावा लागते, नाही तं तो आपली जागा वयखत नाही."

"आणि ती पुढची सतरंजी? खेळाच्या वेळी रिकामी ठेवता ती?"

"ते याईच्यासाठीच. आपला खेळ पाहाले उतरते ना ते." एवढं बोलून बशीत चहा ओतला, फुंकर मारली. जणू पाहुण्यांची सोय सांगत होते.

लहानपणी त्या सतरंजीवर पाय पडला म्हणून आईने मला धपाटा घातला होता. कारण आज कळलं. चाळिशी आली तरी आपल्याच घरातलं काय काय कळायचं राहतं.

२० ऑक्टोबर

सरळ लिहिते.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी मागच्या रांगेत, काजळीचा थर होता. पावाच्या गोळ्याने तो हलके हलके उचलला. खालून एक चेहरा निघाला. तरणा, दाढी नाही, ओठ किंचित उघडे. कानात खरी पितळी बाळी, दोऱ्याने टाचलेली. डोळे पांढरे. बुबुळंच नाहीत.

म्हटलं, पापुद्रा उडाला असेल. बाकी सगळ्यांना आहेत, यालाच नाहीत कशी! विचार केला नाही. वाटीत काजळ आणि डिंक कालवला, बारीक कुंचला घेतला आणि दोन ठिपके दिले. आधी डावा, मग उजवा. मागे सरकून बघितलं.

भूषण.

माझा भाऊ. डोळे नव्हते तोवर तो कोणीही होता. ठिपके पडले आणि तो भूषण झाला. तीच वर चढलेली भुवई, तोच काहीतरी उलट बोलायच्या बेतात असलेला ओठ.

मेलेल्यांच्या रांगेत. आणि हे काढलंय बाबांनी — दुसऱ्या कुणाचा हात असा नाही.

बाबांना माहीत आहे. बाबांना सगळं माहीत आहे, आणि त्यांची वाचा गेलीये.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आईला सांगितलं नाही. तिने पणत्या लावल्या, भूषणच्या खोलीतही एक ठेवली. दर वर्षी ठेवते. "कामात असन, म्हून येत नाही," हे वाक्य ती आता देवाच्या स्तोत्रासारखं म्हणते.

सहा वर्षांपूर्वीची मंडई. बाबा न्यायाधीश, भूषण राजपुत्र. त्याआधी महिनाभर घरात दोघांची धुसफूस. भूषणला नागपूरला डिजिटल बॅनरच्या दुकानात जायचं होतं, बाबांना तो पडद्याला हवा होता. खेळात राजपुत्र न्यायाधीशाला मारतो ती चापट खोटी असते. त्या दिवशी खरी बसली. माइकवरून आवाज गेला. सगळी मंडई गप्प झाली.

आजोबांनी लिहिलेलं न्यायाधीशाचं वाक्य आख्ख्या गावाला पाठ आहे — "जा राजाच्या पोरा, शिक्षा भोग. मंग घरी ये." बाबा उभे राहिले. गालावर बोटं उमटलेली. म्हणाले, "जा." पुढचं म्हणालेच नाहीत. भूषण तसाच राजपुत्राच्या झग्यात रंगमंच उतरला, आकाशपाळण्याच्या बाजूने चालत गेला. लोकांना वाटलं, खेळच आहे. टाळ्या पडल्या.

तेव्हापासून फोन बंद. पुढच्या उन्हाळ्यात बाबांचं अंग गेलं.

मी तेव्हा नागपुरात होते. हे सगळं मला मोबाइलवर कुणीतरी काढलेल्या चित्रफितीतून कळलं. अजूनही ती आहे माझ्याकडे. बघत नाही.

२२ ऑक्टोबर

आज बाबांना गोदामात नेलं. काकांची हौस — "यादोरावले पाहू दे, पोरीनं काय केलं ते." खुर्चीसकट उचलून आणलं. मी जीभ चावली, पण नाही कसं म्हणणार?

बाबा पडदा बघत होते. न्यायाधीश, नवा जोडा, राजपुत्र. चेहऱ्याची जिती बाजू हसली सुद्धा. मग नजर डाव्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. घशातून असा आवाज आला की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. डाव्या हाताने माझं मनगट धरलं. सोडेनात. माझ्याकडे बघायचे, पडद्याकडे बघायचे, पुन्हा माझ्याकडे.

काका कोपऱ्यापाशी गेले. बराच वेळ बघून परत आले.

"हे डोळे कोनं भरले?"

"मी. उडाले होते."

"उडाले नोहते वो माय." काकांचा आवाज खाली गेला. "कोनी कोनी जिता असतानाच आपला चेहरा काढून घेते. जागा धरून ठेवते. पन डोळे कोरे. मानूस गेला का मंग घरच्यानं काजळ भराचं. त्याच्या आधी नाही. भरले का त्याले परद्यातून दिसाले लागते… मंग तो इकडचा राहत नाही."

"म्हणजे भूषण मेला म्हणून बाबांनी काढला नाही?"

"कोरा होता ना? मंग जिताच समजाचा होता." होता — एवढंच कानात राहिलं.

मी शिकलेली बाई आहे. मुलांना प्रकाश कसा पडतो ते शिकवते. दोन काजळाच्या ठिपक्यांनी माणूस मरत नाही हे मला कळतं. पण मनगटावर बाबांची बोटं अजून उमटलेली आहेत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आईने पाट मांडला, ताट केलं. मी म्हटलं, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. आई ताडकन म्हणाली, "चंद्राले काहून? भाऊ आहे तुले." मग रिकाम्या पाटाला ओवाळायला लावलं. निरांजनाची ज्योत पाटाच्या दिशेने वाकली. दार उघडं होतं, वारा होता. वाराच होता.

२५ ऑक्टोबर

ते डोळे पुसायचे असं ठरवून गेले. कापूस, कोमट पाणी. काजळ सुटलं, गालावर ओघळ आले. तो रडल्यासारखा दिसायला लागला. ओघळ टिपले, वर खडूचे दोन हात दिले, वाळवले. दुपारी बघितलं — स्वच्छ, कोरे. इतकं हलकं वाटलं की काकांच्या दुकानातून पापडी आणून खाल्ली.

प्रविणला भेटले. भूषणचा लंगोटीयार, आता राइस मिलमध्ये. त्याला म्हटलं, काहीही कर, पत्ता लाव. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "ताई, मागं एकदा भिलाईहून कोनाचा तरी फोन आल्ता. बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू ये." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? "काय सांगू? श्वास आल्ता मनून?"

त्याच्याकडचा तो नंबर आता लागत नाही. पण तिकडे मिलचे ट्रक जातात. विचारतो म्हणाला.

२६ ऑक्टोबर

ते डोळे परत आले. खडूच्या थरातून वर आलेत. आधी राखाडी होते, संध्याकाळपर्यंत काळे.

२७ ऑक्टोबर

डिंक ओल धरतो आणि काजळ वर खेचतो. हे मी स्वतःच वर्गात सांगते. शेजारच्या बिडीवाल्याची मिशी मी त्याच वाटीतल्या काजळाने भरून मग खोडली होती, ती काही वर आली नाही. त्याचंही कारण असेल. कापड तिथे जाड असेल.

सफेदा लावला. तेलातला, पक्का. त्यातून काही येत नाही.

२८ ऑक्टोबर

येतं.

आता हात लावणार नाही. आज एक गोष्ट मात्र बोचली. ती बाळी. भूषणने जन्मात कानात काही घातलं नाही, टोचायला बसवलं तर सोनाराला चावला होता. मग बाळी कुणाची? नंतर वाटलं, नसेल काही त्याचं हाताशी, म्हणून बाबांनी घरातली जुनी टाचली असेल. पण काका म्हणाले होते की वस्तू स्वतःचीच लागते. जाऊ दे. डोकं चालत नाही.

२९ ऑक्टोबर

मुख्य प्रश्न आईचा. मंडईला ती येणारच. पडद्यासमोर उभी राहिली आणि पोराचा चेहरा मेलेल्यांत दिसला तर? त्या एका चेहऱ्यासाठी ती सहा वर्षं दारात बसलीये. कोर्टाने फाशी सुनावावी तसं होईल.

काका म्हणाले, "वयनीले मोतीबिंदू हाये, लांबून नाही दिसत. आपून बायकायच्या मागच्या अंगाले बसवू." आईचं भंडाऱ्याला ऑपरेशन व्हायचंय, दिवाळीमुळे पुढे ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा मोतीबिंदूचे आभार मानले. काय पोरगी मी!

३० ऑक्टोबर

ढग आलेत. कापलेलं धान शेतात पडलंय, सगळ्यांची तोंडं उतरलीत. काका म्हणतात, मंडई होणार म्हणजे होणार. ते स्वतः न्यायाधीश, त्यांचा पुतण्या अमर राजपुत्र. अमर लग्नाच्या वरातीत नाचावं तसा कोर्टात चालतो. तालमीत मी त्याला ओरडले. नंतर वाईट वाटलं. माझा राग त्याच्यावर नव्हता, झग्यावर होता.

३१ ऑक्टोबर, मंडई

सगळं लिहिते, क्रमाने. आज झोप येणारच नाही.

पाऊस आला नाही. सकाळी गोवारी समाजाची माणसं त्यांच्या ढाली नाचवत आली, शिंगाडे, ऊस, फुगे, आकाशपाळणा, सगळं जत्रेसारखं. दुपारी शाळेच्या मैदानात पडदा टांगला. मी पडद्याच्या मागे, अमरचे संवाद सांगायला. ऊन समोरून पडत होतं आणि पातळ कापडातून सगळे दरबारी उलटे दिसत होते — तपकिरी, धुरकट, चेहरे म्हणावे तर चेहरे. डोळे कुणाचे म्हणून दिसत नव्हते. त्या एकाचे तेवढे दिसत होते. दोन काळे ठिपके, आरपार.

कापडातून पुढची माणसंही सावल्यांसारखी दिसत होती. रिकाम्या सतरंजीची जागा मोकळी. खेळ सुरू झाला. मध्येच बघते तर सतरंजीवर कुणीतरी बसलेलं. ताठ, खुर्चीत. पडद्याची कड सारून बघितलं — बाबा! पोरांनी त्यांची खुर्ची आणून नेमकी तिथे ठेवली होती. दुसरीकडे जागाच नव्हती म्हणे. मी खुणा केल्या, उचला, उचला. कुणाचं लक्ष नव्हतं. ज्यांचं होतं त्यांनी नजर वळवली.

अमरने चापट मारली. खोटी. काका उभे राहिले. "जा राजाच्या पोरा, शिक्षा भोग…" आणि काका अडले. इतकी वर्षं पाठ असलेलं वाक्य! नंतर म्हणाले की समोर यादोराव दिसला आणि जीभच उचलेना. मैदान गप्प. सहा वर्षांपूर्वी झालं होतं तसंच गप्प. मी मागून सांगायला तोंड उघडलं.

त्याआधी बाबा बोलले.

"घरी ये."

स्पष्ट. पाच वर्षांत पहिले शब्द. लोक रडायला लागले. अमर बिचारा झग्यात हुंदके देत उभा, त्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आज काही न करता केलं. मी पडद्यामागे जमिनीवर बसले आणि तोंडात ओढणी कोंबली.

खरं घडलं ते नंतर. लोक पांगले, बाबांना घरी नेलं. मी रंग आवरत होते आणि पाठीमागून आईचा आवाज — "दामिनी, तो कोपरा दाखव मले."

कुणी सांगितलं तिला? माहीत नाही. मी आडवी झाले, म्हटलं आई, चल, थंडी पडतेय. तिने मला बाजूला केलं. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. एक डोळा मिटला, दुसऱ्याने बघितलं. मग बोटांनी चाचपलं. गाल, हनुवटी, कान. बाळी बोटांत धरली. मी डोळे मिटून घेतले.

आई हसली.

"कायले घाबरून राहिली? भूषण वाटला काय तुले?"

"मग?"

"तुहा बाप होय हा. लग्नाच्या आधी मंडईत हाच राजपुत्र झाल्ता. टेकचंद तवा शेंबडा होता, त्याले काय आठवन? मी माह्या मावशीसंगं आल्ती. कानात हेच बाळी होती. मी मनलं, चोरावानी दिसते हा, पन पोरगा बरा हाये." ती बाळी सोडत नव्हती. "भूषण गेला, त्याच्या नंतर काढला त्यानं सोताचा चेहरा. अंग जाच्या आधी. मले मनला, चंद्रभागा, माह्ये डोळे कोरे ठेवून राहिलो. पोरगा परत आला का मी गेल्यावर तोच भरन. बाकी कोनीच नाही. तवा समजंन, त्यानं मले माफ केलं मनून."

भूषण मेलेल्यांत नव्हता. कधीच नव्हता. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच दमात कळलं, मी कुणाचे डोळे भरले ते. बाबांनी मनगट का धरलं ते.

आईने पुन्हा चेहऱ्यावरून हात फिरवला. तिला पांढरं-काळं आता कळत नाही.

"डोळे अजून कोरेच हायेत ना वो?"

मी "हो" म्हटलं.

१ नोव्हेंबर

प्रविण धावत आला. भिलाईचा नंबर! साइनबोर्ड रंगवायच्या दुकानात आहे म्हणे. हाताने रंगवतो. डिजिटल नाही.

लावला. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला.

"ताई?"

त्यानंतर दोघंही बराच वेळ नुसते श्वास घेत होतो. मी काल जे झालं ते सांगितलं. बाबा काय म्हणाले तेही. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाला, एक मोठा बोर्ड हातात आहे, मालक पैसे अडवेल, परवा सकाळच्या गाडीने निघतो. मी म्हटलं, आजच नीघ. "आजच काहून? बाबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. खरंच आहेत. सकाळी पेज प्यायले, आईने कानात काही सांगितलं तर हसले. मग कशाला घाई करू म्हणू? ठिपक्यांचं सांगू?

बाबांना मी सांगितलं, भूषण येतोय. त्यांनी माझा हात घेतला. मनगटावरची ती जागा अंगठ्याने चोळली. तीच, नेमकी. माफी होती की निरोप होता, कळलं नाही.

दुपारी पुन्हा गोदामात गेले. पडदा गुंडाळलेला होता. कोपरा उलगडून ब्लेडने खरवडायला बघितलं. कापड फाटायला लागलं, काळं निघेना. तसाच गुंडाळला.

२ नोव्हेंबर

बाबा गेले. सकाळी अंगणात, उन्हात, खुर्चीवर. आई त्यांचे केस विंचरत होती. तिला आधी कळलंच नाही, भांग पाडून झाल्यावर कळलं.

डोळे उघडे होते. मी मिटले.

भूषण निघालाय.

३ नोव्हेंबर

भूषणने अग्नी दिला. वैनगंगेवरून आलो तशी आईने त्याच्या हातात काजळाची वाटी दिली, कुंचला दिला, म्हणाली, जा, बापाचं काम करून ये. मी मागोमाग गेले. त्याने पडदा उलगडला, ओल्या केसांनी कोपऱ्यापाशी बसला, बाळीला हात लावला. मग वळला. वाटी हातात तशीच भरलेली.

"ताई, डोळे तं भरलेलेच आहेत. कोनं भरले?"